हात लावू का?

एसटीच्या गाडीत ड्रायव्हरच्या पाठीमागे एक पत्र्याचा डबा असतो आणि त्यावर 'प्रथमोपचार पेटी' असं रंगवलेलं असतं. मराठी माणूस लहानपणापासून ती अक्षरं वाचत आलेला असतो. पेटी उघडलेली मात्र सहसा कुणी पाहिलेली नसते. बंगळुरूला राहायला आल्यावर बीएमटीसीच्या बसमध्ये तशीच पेटी दिसली. तिच्यावर कन्नडमध्ये 'प्रथम चिकित्सा पेट्टिगे' असं लिहिलं होतं. इंग्रजीत अर्थातच 'फर्स्ट एड बॉक्स'. भाषांतर हा माझा व्यवसाय असल्यामुळे एकाच डब्याची तीन नावं दिसली, की मी तिथे रेंगाळते. ही तीन नावं एकमेकांची भाषांतरं म्हणून चालतात, पण ती एकच गोष्ट सांगत नाहीत.

'एड' म्हणजे मदत. त्यात मदत करणारा कोण, त्याला काय येतं, याविषयी काही म्हटलेलं नाही. 'चिकित्सा' हा शब्द संस्कृतात 'चित्' धातूच्या इच्छार्थक रूपातून येतो, जाणून घेण्याची इच्छा. मराठीत आपण ग्रंथाचीही चिकित्सा करतो आणि शंका काढणाऱ्याला चिकित्सक म्हणतो. म्हणजे कन्नड पेटी जाणकाराची वाट पाहते. आणि मराठीतला 'उपचार'? 'उप' म्हणजे जवळ, 'चर्' म्हणजे चालणं, वागणं. उपचार म्हणजे आधी जवळ जाणं, मग सेवा. देवाच्या पूजेतले सोळा उपचारही असेच, जवळ जाऊन हातांनी करायचे. याच शब्दातून पुढे 'औपचारिक' आला आणि त्यात फक्त रीत उरली, जवळीक गेली. पण 'प्रथमोपचार'मध्ये मूळ अर्थ अजून जिवंत आहे. त्याचा शब्दशः अर्थ घ्यायचा तर, पहिल्यांदा जवळ जाणं.

या निबंधाचा प्रश्न तोच आहे. रस्त्यात कोसळलेल्या परक्या माणसाच्या जवळ जाणं हे आपल्यावर बंधनकारक आहे का? आणि असेल, तर ते बंधन नेमकं कधी सुरू होतं, तो कोसळतो त्या क्षणी की त्याच्या कितीतरी आधी?

*

नीतीच्या जुन्या गोष्टींमध्ये हा प्रश्न वेगवेगळ्या भाषांत आला आहे. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातला चिनी विचारवंत मेन्सियस म्हणतो, की विहिरीत पडू घातलेलं मूल दिसलं तर कुणाच्याही काळजात चर्र होतं. त्या मुलाच्या आईबापांची मर्जी संपादन करावी किंवा गावाने वाहवा करावी म्हणून ते होत नाही. ते आपोआप होतं. म्हणून माणूस मुळात चांगला आहे, असा त्याचा निष्कर्ष. लूकच्या शुभवर्तमानातल्या गोष्टीत लुटारूंनी अर्धमेला करून टाकलेल्या माणसाला पाहून याजक आणि लेवी बाजूने निघून जातात आणि ज्याला तुच्छ मानलं जाई असा शोमरोनी प्रवासी थांबतो. मराठीत आपल्याकडे एकनाथांची गोष्ट आहे. काशीहून रामेश्वराला नेण्यासाठी आणलेली गंगेची कावड त्यांनी वाळवंटात तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडी रिकामी केली.

या तिन्ही गोष्टी आपण करुणेच्या म्हणून सांगतो. मला मात्र त्यांतल्या वस्तू दिसू लागल्या आहेत. एकनाथांच्या खांद्यावर कावड होती. नुसती दया असती तर गाढव मेलंच असतं. शोमरोनी माणसाने जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला, पट्ट्या बांधल्या, जखमीला आपल्या जनावरावर बसवलं, उतारशाळेत नेलं आणि दुसऱ्या दिवशी मालकाला दोन दिनार दिले. जखम धुणं, बांधणं, हलवणं, पुढच्या उपचारांची सोय करणं, हा क्रम आजच्या प्रथमोपचाराच्या पुस्तकातही थोड्याफार फरकाने सापडेल. हे त्याला कुठून माहीत होतं, हे गोष्ट सांगत नाही. याजकाला ते माहीत नव्हतं म्हणून तो निघून गेला, असंही सांगत नाही. पण ही शक्यता नीतिकथेत कुणी विचारातच घेत नाही, याचं मला आश्चर्य वाटतं. आपण निघून जाणाऱ्याला निष्ठुर म्हणतो. तो घाबरलेला असू शकतो, आणि काय करायचं हे न कळल्यामुळे घाबरलेला असू शकतो.

दयेचा तुटवडा आहे, हे निदान आपल्या शहरांबाबत मला पटत नाही. ११ जुलै २००६ च्या संध्याकाळी मुंबईच्या पश्चिम रेल्वेवर सात बॉम्बस्फोट झाले, तेव्हा रुळांलगतच्या वस्त्यांमधले लोक घरातल्या चादरी घेऊन धावले आणि त्या चादरींचे स्ट्रेचर झाले. १९ जुलै २०२३ च्या रात्री इरशाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा पावसात आणि अंधारात तो चढ चढून जाणाऱ्यांत गिर्यारोहकांची पथकं होती. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर खोपोलीच्या परिसरात 'अपघातग्रस्तांच्या मदतीला' या नावाने स्वयंसेवकांचा गट वर्षानुवर्षं काम करतो आहे.

पण याच देशात दुसरंही घडतं. फेब्रुवारी २०१६ मध्ये बंगळुरूजवळ नेलमंगल इथे ट्रकच्या धडकेत हरीश नावाच्या तरुणाच्या शरीराचे दोन तुकडे झाले. तो शुद्धीवर होता, मदत मागत होता आणि आपले अवयव दान करा म्हणत होता. भोवती जमलेल्यांपैकी काही जण मोबाइलवर चित्रण करत होते. त्याचे डोळे दान झाले. कर्नाटक सरकारने त्याच्या नावाने अपघातग्रस्तांच्या सुरुवातीच्या उपचारांचा खर्च उचलणारी योजना सुरू केली. तेव्हा वर्तमानपत्रांत 'माणुसकी मेली' अशा अर्थाचं पुष्कळ लिहून आलं. मला तो निष्कर्ष घाईचा वाटतो. मोबाइल उचलणं हे क्रौर्य असेलही, पण ते हातांना दुसरं काही सुचत नसल्याचंही लक्षण असतं. ज्याच्या हातांना काम ठाऊक नाही, त्याचे हात ओळखीच्या वस्तूकडे जातात.

*

न थांबण्याचं सगळ्यात जुनं कारण आपल्याकडे एका वाक्यात सांगितलं जातं: 'हात लावू नका, पोलीस केस आहे.' हे वाक्य मी मराठीत, हिंदीत आणि कन्नडमध्ये ऐकलं आहे, आणि तिन्ही भाषांत 'पोलीस केस' हेच दोन शब्द जसेच्या तसे असतात. साक्षीदार म्हणून अडकू, खेटे घालावे लागतील, आपणच धडक दिली असं म्हणतील, ही भीती निराधार नव्हती. सेव्हलाइफ फाउंडेशनच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१६ मध्ये मदत करणाऱ्यांच्या संरक्षणासाठीची मार्गदर्शक तत्त्वं बंधनकारक केली. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आलं. सद्‌हेतूने मदत करणाऱ्यावर, त्याच्या हातून काही चूक झाली तरी, दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होऊ नये, अशी त्याची तरतूद आहे. कर्नाटकाने स्वतःचा वेगळा कायदाही केला. कायद्याने त्या मदतनिसाला 'गुड समॅरिटन' हेच नाव दिलं. लूकच्या गोष्टीतला शोमरोनी असा भारतीय कायद्याच्या पुस्तकात येऊन बसला.

पुढे केंद्र सरकारने बक्षीसही ठेवलं. गंभीर जखमीला पहिल्या तासात रुग्णालयात पोहोचवणाऱ्याला २०२१ पासून पाच हजार रुपये, नंतर ती रक्कम पंचवीस हजारांवर नेली. बक्षिसाने करुणा बाटते, असं म्हणणारे लोक मला भेटले आहेत. मला ते पटत नाही. रिक्षावाल्याचा दिवस बुडतो, सीट रक्ताने भरते; त्याची भरपाई होणं गैर नाही. शोमरोन्यानेही उतारशाळेच्या मालकाला फुकट राबवलं नव्हतं.

पण कायदा भीती कमी करू शकतो, हात देऊ शकत नाही. १९६० च्या दशकात अमेरिकेत बिब लाताने आणि जॉन डार्ली या मानसशास्त्रज्ञांनी प्रयोगांतून दाखवलं, की संकटाच्या वेळी भोवती जितके जास्त लोक, तितकी एखाद्याने पुढे होण्याची शक्यता कमी. प्रत्येक जण दुसऱ्याकडे पाहतो. हे बहुतेकांनी कुठेतरी वाचलेलं असतं. त्यानंतरचं एक संशोधन कमी सांगितलं जातं. १९८० च्या दशकात असाच प्रयोग परिचारिका आणि इतर विद्यार्थी यांच्यावर झाला. सोबत कुणी असताना इतरांचं पुढे होण्याचं प्रमाण घटलं. परिचारिकांच्या बाबतीत तसं घडलं नाही. एकट्या असोत वा दुकट्या, त्या उठल्या. त्यांचं काळीज इतरांपेक्षा मोठं होतं असं मानायचं कारण नाही. काय करायचं ते त्यांना माहीत होतं, त्यामुळे दुसऱ्याकडे पाहायची गरज पडली नाही.

*

बनशंकरीत आमच्या इमारतीच्या असोसिएशनने एका रविवारी प्रथमोपचाराचा तीन तासांचा वर्ग ठेवला. ही वस्ती ज्या देवीच्या नावाची, तिचं मूळ ठाणं बदामीला आहे आणि महाराष्ट्रातल्या अनेक घराण्यांची ती कुलदेवता आहे. इथलं कनकपुरा रस्त्यावरचं देऊळ १९१५ सालचं. मंगळवारी आणि शुक्रवारी राहूकाळात तिथे बायका लिंबाच्या सालीत दिवे लावतात. देऊळ, मेट्रो स्टेशन, बस स्थानक आणि भाजीच्या गाड्या यांच्यामधून दिवसभर एवढी माणसं जातात, की कुणी ना कुणी कधी ना कधी इथे कोसळणारच. २९ ऑक्टोबर २०२१ ला पुनीत राजकुमार वयाच्या ४६ व्या वर्षी हृदय बंद पडून गेले. त्यानंतर जयदेव हृदयरोग संस्थेत तपासणीसाठी रांगा लागल्या आणि राज्य सरकारने त्यांच्या नावाने हृदयविकारावरच्या तातडीच्या उपचारांची योजना काढली. आमच्या वर्गाची कल्पनाही त्या धक्क्यानंतरच्या गप्पांमधूनच हळूहळू पुढे आली होती.

शिकवायला एक निवृत्त परिचारिका आल्या होत्या. सगळे त्यांना 'सिस्टर' म्हणत. त्या कन्नडमध्ये बोलत होत्या; हिंदी आणि मराठी बोलणाऱ्यांसाठी मी मध्ये मध्ये सांगत होते. खुर्च्यांवर फ्लॅटमालक आणि पाठीमागे सतरंजीवर वॉचमन, माळी, घरकामाच्या बायका. त्यांना येणं सक्तीचं होतं. आम्हाला ऐच्छिक.

सिस्टरांनी बॅगेतून कमरेपर्यंतचा एक डमी काढला. मिटलेले डोळे, किंचित उघडे ओठ. या डमीचा इतिहास साहित्याच्या माणसांना ओळखीचा वाटेल. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिसमध्ये एका अनोळखी तरुणीच्या चेहऱ्याचा साचा प्रसिद्ध झाला. सेन नदीत बुडून मेलेल्या मुलीचा तो मुखवटा, अशी आख्यायिका. युरोपभर लोकांनी तो भिंतीवर लावला. रिल्केच्या माल्टच्या कादंबरीत त्याचा उल्लेख येतो, नाबोकोवने त्यावर कविता लिहिली. पुढे १९६० साली नॉर्वेतल्या ओस्मुंड लेर्दाल या खेळणी बनवणाऱ्या माणसाने कृत्रिम श्वास शिकवण्यासाठी बाहुली केली आणि तिला हाच चेहरा दिला. कवींनी जिच्याकडे नुसतं पाहिलं, तिला लाखो लोकांनी श्वास दिला. आमचा डमी कुठल्या कारखान्यातला होता कोण जाणे, पण चेहरा त्याच घराण्यातला वाटला.

सिस्टरांनी दोन्ही तळहात एकावर एक ठेवून, कोपर न वाकवता, छातीच्या मध्यावर दाब कसा द्यायचा ते दाखवलं. मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल. न शिकलेल्या माणसाने तोंडाने श्वास देण्याच्या भानगडीत पडू नये, नुसते दाब द्यावेत. २०१७ पासून भारतात सामान्य माणसासाठी हीच पद्धत सांगितली जाते आहे. परक्याच्या तोंडाला तोंड लावण्याची कल्पना आली की अर्धे लोक मागे सरतात, ही अडचण तरी तिने दूर केली आहे.

मग सतरंजीवरून एक बाई उभी राहिली. ती तीन घरी स्वयंपाक करते. तिने विचारलं, "सिस्टर, नावु मुट्टबहुदा?"

मी भाषांतर केलं: 'आम्ही हात लावू शकतो का?'

सिस्टरांना वाटलं, ती कायद्याविषयी विचारते आहे. त्यांनी पोलीस त्रास देणार नाहीत वगैरे सांगितलं. बाई म्हणाली, तसं नाही. ज्या घरात आजोबांच्या पूजेच्या खोलीत मला जायची परवानगी नाही, तिथे आजोबा पडले तर मी त्यांना हात लावायचा का? आणि त्यांच्या सुनेला आवडलं नाही तर?

खुर्च्यांमध्ये थोडी चुळबुळ झाली. मी ते वाक्य हिंदीत सांगितलं, मग मराठीत. दोनदा सांगावं लागलं, याचं मला त्या दिवशी बरं वाटलं.

*

कन्नडमध्ये 'मुट्टु' म्हणजे स्पर्श. मासिक पाळीलाही 'मुट्टु'च म्हणतात. मराठीत 'शिवणे' म्हणजे हात लावणे. शिवाशिवीचा खेळ त्यावरूनच आला, आणि कावळा शिवण्याचा वाक्प्रचारही. सोवळं-ओवळं, मडी-मैलिगे. दोन्ही भाषांत स्पर्शाची शब्दसंपत्ती अफाट आहे आणि तिचा मोठा भाग कुणाला शिवायचं नाही, हे सांगण्यात खर्च झाला आहे. जातीचा स्पर्श, बाईचा स्पर्श, पाळीतला स्पर्श, मेलेल्याचा स्पर्श. आणि याच 'शिवणे'चा दुसरा अर्थ टाके घालणे. स्पर्शाला नाकारणारी आणि जखम सांधणारी क्रिया एकाच शब्दात राहते, यावर मी अनेकदा विचार केला आहे. व्युत्पत्तीने ते दोन वेगळे शब्द असतील. जिभेवर मात्र ते एकच आहेत.

भारतात प्रथमोपचार शिकवणं म्हणजे या शब्दसंपत्तीच्या विरुद्ध जाणं आहे. कोसळलेल्या माणसाची जात विचारायला वेळ नसतो. कोसळलेल्या बाईच्या छातीवर पुरुषाने तळहात ठेवायचा की नाही, हा प्रश्न चर्चेला ठेवायलाही वेळ नसतो. हा संकोच फक्त आपला नाही. अमेरिकेतल्या अभ्यासांत दिसलं आहे, की सार्वजनिक जागी हृदय बंद पडलेल्या स्त्रियांना पुरुषांपेक्षा कमी वेळा आजूबाजूच्यांकडून छातीदाब मिळतो. सभ्यता म्हणून पाळलेलं अंतर इथे जीव घेतं.

म्हणून सिस्टरांनी शिकवलेली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मला हाताची वाटली नाही, वाक्याची वाटली. माणूस शुद्धीवर असेल तर आधी विचारायचं: 'मी प्रथमोपचार शिकले आहे, मदत करू का?' त्याने हो म्हटलं तरच हात लावायचा. तो बेशुद्ध असेल तर त्याची संमती गृहीत धरायची. 'मौन म्हणजे संमती' ही म्हण इतरत्र किती घातक ठरते, हे प्रत्येक बाईला ठाऊक आहे. इथे मात्र ती खरी आहे, आणि ती खरी ठरते कारण हात लावणाऱ्याला त्यातून स्वतःसाठी काहीही नको असतं. ज्या समाजात स्पर्श एक तर हक्काने होतो नाही तर विटाळाने टळतो, तिथे विचारून केलेला स्पर्श ही नवी गोष्ट आहे.

त्या बाईला सिस्टरांनी दिलेलं उत्तर छोटं होतं. "अम्मा, जीव जात असताना सगळ्यांनी सगळ्यांना हात लावायचा." मग त्या खुर्च्यांकडे वळून म्हणाल्या, "आणि ही पडली तर तुम्हीसुद्धा." पुढच्या फेरीत त्यांनी खुर्च्यांवरच्या सगळ्यांना डमीपुढे गुडघ्यावर बसवलं.

*

आता तीन आक्षेप, जे मी गंभीरपणे घेते.

पहिला: चांगुलपणा शिकवून येत नाही. खरं आहे. पण चांगुलपणा चुकीच्या हातांनी काय करतो, तेही पाहायला हवं. फिट आलेल्या माणसाच्या हातात किल्ल्यांचा जुडगा कोंबणारे, त्याच्या नाकाला चप्पल किंवा कांदा लावणारे, भाजलेल्या कातडीवर टूथपेस्ट थापणारे, साप चावल्यावर वर करकचून दोरी बांधणारे लोक निर्दय नसतात. ते बहुतेकदा आई, काका, शेजारी असतात. भाजल्यावर वीस मिनिटं वाहत्या पाण्याखाली धरायचं, फिट आलेल्याला इजा होणार नाही एवढं पाहून कुशीवर वळवायचं, साप चावलेला अवयव स्थिर ठेवून तडक रुग्णालय गाठायचं, हे कळायला करुणा पुरत नाही. भारतात सर्पदंशाने वर्षाला सरासरी अठ्ठावन्न हजार माणसं मरतात. त्यांतल्या कितीतरी जणांचा मौल्यवान वेळ कुणीतरी प्रेमाने केलेल्या खटपटींत गेलेला असतो. ॲरिस्टॉटल म्हणत असे, की न्यायी कृत्यं करत करत माणूस न्यायी होतो. वीणा वाजवूनच वादक होतो, तसंच. सद्गुणालाही रियाज लागतो, हे गाणं ऐकणाऱ्या समाजाला नव्याने सांगायला नको.

दुसरा आक्षेप राजकीय आहे, आणि तो मला अधिक टोचतो. ॲम्ब्युलन्स, रस्ते, रुग्णालयं देणं हे सरकारचं काम. नागरिकाला शिकवून सरकार हात झटकणार नाही का? कर्नाटकात १०८ ची सेवा २००८ मध्ये आली, महाराष्ट्रात २०१४ मध्ये. ती आणखी चांगली हवी, हे मागत राहिलंच पाहिजे. पण हृदय थांबल्यावर छातीदाब मिळाला नाही, तर वाचण्याची शक्यता दर मिनिटाला सात ते दहा टक्क्यांनी घटते, आणि चार-पाच मिनिटांत मेंदूला इजा होऊ लागते. जगातल्या कुठल्याही सरकारची ॲम्ब्युलन्स प्रत्येक दारात तेवढ्या वेळात पोहोचत नाही. संध्याकाळी सहा वाजता बनशंकरीच्या सिग्नलवर तर नाहीच. पहिला माणूस नेहमी शेजारीच असणार. सरकारने त्याला शिकवावं, हीसुद्धा सरकारकडेच करायची मागणी आहे. जर्मनीत गाडीचं लायसन्स मिळण्याआधी प्रथमोपचाराचा वर्ग करावा लागतो. आपल्याकडे हे प्रमाणपत्र बस कंडक्टरकडून मागतात. त्याच रस्त्यावर मोटार चालवणाऱ्याकडून का मागू नये?

आणि हे शिक्षण वरून खाली दिलं जाणारं दान असायला हवं, असंही नाही. 'फर्स्ट एड' हा शब्दप्रयोग १८७० च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमधल्या वूलिच इथे सामान्य लोकांसाठी भरलेल्या वर्गांमुळे रूढ होऊ लागला. ते वर्ग घेणारे सर्जन पीटर शेफर्ड १८७९ च्या जानेवारीत झुलू युद्धात मारले गेले. जर्मन सर्जन एस्मार्क यांनी १८८२ मध्ये कील शहरात 'शोमरोन्यांची शाळा' काढली. त्यांच्या व्याख्यानांचं इंग्रजी भाषांतर त्याच वर्षी राणी व्हिक्टोरियाच्या मुलीने, राजकन्या हेलेनाने केलं. या विषयाच्या मुळाशी एक भाषांतरकार आहे, याचा मला व्यावसायिक आनंद होतो. पण त्याहून आवडती गोष्ट सहाच वर्षांनंतरची आहे. १८८८ मध्ये बर्लिनमधल्या सहा सुतारांनी, कामावरचे अपघात पाहून, कामगारांसाठी प्रथमोपचाराचा वर्ग भरवला. त्यातून पुढे कामगारांची स्वतःची मोठी संघटना उभी राहिली. राजकन्येने भाषांतर करायला आणि सुतारांनी एकमेकांना शिकवायला एकच विषय निवडला. सतरंजी आणि खुर्च्या यांच्यातलं अंतर ओलांडायचं तर दुसरा रस्ता जास्त खात्रीचा आहे. आमच्या वर्गात सगळ्यांत अचूक लय वॉचमनची होती. पुढचा वर्ग त्याने घ्यावा, असं मी असोसिएशनला सुचवलं आहे.

तिसरा आक्षेप सगळ्यांत खाजगी आहे. शिकलं, की जबाबदारी येते. आणि तरीही माणूस गेला तर? हे फार वेळा घडतं. अमेरिकेसारख्या तयारीच्या देशातही रुग्णालयाबाहेर हृदय बंद पडलेल्यांपैकी साधारण दहातला एकच वाचतो. म्हणजे शिकलेल्या माणसाच्या हाताखाली बहुतेकदा मृत्यूच येणार. न शिकलेल्याला निदान 'मला काय करता आलं असतं' ही सोय असते. शिकण्याने ती सोय जाते. हे खरं आहे आणि ते लपवू नये.

पण या आक्षेपात एक हिशेब चुकतो. तो सगळं मूल्य जगण्या-मरण्यात मोजतो. रस्त्यावर मेलेल्या माणसाच्या घरच्यांना आपण काय सांगू शकतो, याचा विचार करा. 'लोक बघत उभे होते' आणि 'कुणीतरी शेवटपर्यंत प्रयत्न करत होतं' या दोन वाक्यांतलं अंतर मृत्यू पुसू शकत नाही. १८५९ मध्ये सोल्फेरिनोच्या लढाईनंतर कास्तिल्योने गावातल्या बायका दोन्ही बाजूंच्या जखमींना पाणी देत, जखमा बांधत फिरत होत्या. त्यांतले कितीतरी सैनिक वाचले नाहीत. पण ते पाहिलेल्या आंरी द्युनांच्या पुस्तकातून पुढे रेडक्रॉस उभी राहिली. त्या बायकांचं यश वाचलेल्यांच्या आकड्यात मोजता येत नाही. मरणारा माणूस एकटा नव्हता, एवढं त्यांनी साधलं.

*

आता सुरुवातीच्या प्रश्नाचं माझं उत्तर. नीतिशास्त्रात बुडणाऱ्या मुलाचं उदाहरण नेहमी काठावरून सुरू होतं. १९७२ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात पीटर सिंगरनेही ते तसंच घेतलं: उथळ तळं आहे, कपडे चिखलाने भरतील, उतराल की नाही? तिथे उत्तर सोपं असतं, म्हणून तर उदाहरण घेतलेलं असतं. प्रत्यक्षात पाणी खोल असतं आणि आपल्याला पोहता येत नसतं. त्या क्षणी आपण कितीही चांगले असलो तरी निवडायला फार काही उरलेलं नसतं. आपली निवड आधीच होऊन गेलेली असते. पोहण्याच्या वर्गाची फी भरायची की नाही, या एखाद्या कंटाळवाण्या सकाळी. म्हणून मला वाटतं, परक्याच्या जवळ जाण्याचं बंधन तो कोसळल्यावर सुरू होत नाही. ते त्याच्या कितीतरी आधी, त्याचं नावही ठाऊक नसताना, कुणाचा तरी रविवार मोडून सुरू होतं.

वर्गानंतर सिस्टरांनी लिफ्टशेजारी लावायला एक पत्रक दिलं आणि मला त्याची मराठी व हिंदी भाषांतरं करायला सांगितली. चारच ओळी होत्या. 'अनरिस्पॉन्सिव्ह'साठी 'प्रतिसाद न देणारा' लिहिलं आणि खोडलं. 'हाक मारली तरी ओ देत नाही' असं लिहिलं. 'उरोस्थी' खोडून 'छातीच्या मधोमध' केलं. तिसऱ्या ओळीत कन्नड मजकुरात आदरार्थी आज्ञा होती, 'दाबा'. तेवढंच ठेवलं. पहिली ओळ मात्र मूळ पत्रकात नव्हती. ती मी सिस्टरांना विचारून वाढवली आणि त्यांनी तिचं कन्नडही माझ्याकडून वरती लिहून घेतलं: 'कुणीही, कुणालाही, हात लावू शकतो.' चार दिवसांनी खालच्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी असोसिएशनकडे तक्रार केली, की या ओळीचा अर्थ चुकीचा लागू शकतो. ओळ बदलावी का, यावर येत्या बैठकीत चर्चा आहे. स्वयंपाकाची ती बाई बैठकीला येऊ शकत नाही, ती सदस्य नाही. मी आहे, आणि ओळ तशीच राहावी, असं मी म्हणणार आहे.